वाचू लागलेली मुलगी : मिशन शाळांचे दूरगामी फळ

(अभ्यासलेख)

वाचनभाग : लूक १०:३८-४२, प्रेषितांची कृत्ये १८:२४-२६, रोमकरांस १६:१-२

मिशनऱ्यांनी आपल्या देशात मुलींच्या शाळा काढल्या, हे वाक्य मंडळ्यांच्या वर्धापनदिनी, शताब्दीच्या स्मरणिकांत आणि महिला संघाच्या मेळाव्यांत आपण इतक्या वेळा ऐकतो की, त्याचा अर्थ काय हे विचारावयाचेच राहून जाते. शाळा काढली, पुढे काय झाले? शाळा काढणारे मायदेशी गेले किंवा येथील दफनभूमीत विसावले. कित्येक इमारती जीर्ण झाल्या, काही शाळा बंद पडल्या. मग नेमके टिकले काय? आणि मुलगी साक्षर झाली म्हणजे ती पुरुषाच्या बरोबरीची मानली गेली, असे म्हणता येईल काय? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा लेख मी चेन्नईच्या उत्तरेकडील एन्नोर येथून लिहीत आहे. कोसस्थलैयार नदी येथे खाडीच्या रूपाने समुद्राला मिळते. एका बाजूस मच्छीमारांच्या वस्त्या आणि दुसऱ्या बाजूस कारखाने, औष्णिक वीजकेंद्र व बंदर, असे या गावाचे आजचे रूप आहे. मराठी वाचकाला हा प्रदेश दूरचा वाटेल. परंतु आपल्या विषयापुरते पाहिले तर तमिळ किनारा आणि मराठी मुलूख यांचे नाते जवळचे आहे. हिंदुस्थानातील प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा आरंभ याच किनाऱ्यावर, येथून दक्षिणेस असलेल्या तरंगमबाडी येथे १७०६ मध्ये झाला. आणि अहमदनगरच्या मिशन परिसरात जन्मलेली एक मराठी मुलगी १८७८ मध्ये उच्च शिक्षणासाठी याच मद्रास शहरात आली. तिची हकीकत पुढे येईल. प्रथम आरंभाकडे वळू.

१. मुलीला वाचावयास का शिकविले?

मुलींच्या शिक्षणामागील पहिला हेतू नोकरीचा नव्हता व समानतेचाही नव्हता. तो पवित्र शास्त्राच्या वाचनाचा होता. धर्मसुधारणेच्या काळापासून प्रॉटेस्टंट मंडळीचा असा आग्रह होता की, प्रत्येक विश्वासणाऱ्याने देवाचे वचन स्वतःच्या भाषेत स्वतः वाचावे. मार्टिन लूथर यांनी १५२४ मध्ये जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांना शाळा काढण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यांनी मुलांबरोबर मुलींचाही विचार केला होता. ज्याला आत्मा आहे त्याला वचन हवे, आणि ज्याला वचन हवे त्याला अक्षर हवे, असा हा साधा युक्तिवाद होता. या युक्तिवादात स्त्रीला वगळावयास जागा नव्हती.

याच विचाराने तरंगमबाडी येथे बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग व त्यांचे सहकारी यांनी १७०७ मध्ये मुलींसाठी शाळा सुरू केली. १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून झाला. मराठी मुलखातही शाळा आणि शास्त्र अशीच हातात हात घालून आली. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. त्या मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली आणि १८२६ मध्ये मराठी नवा करार छापला. वाचणारी मुलगी आणि वाचावयाचे पुस्तक यांच्यात दोनच वर्षांचे अंतर होते. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन यांनी १८२९ मध्ये मुंबईस आल्यावर मुलींच्या शाळा उघडल्या आणि १८३५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या चालविल्या.

या आरंभीच्या मालिकेत एक नाव विशेष स्मरणीय आहे. मिस सिंथिया फरार ही अविवाहित स्त्री १८२७ च्या अखेरीस अमेरिकेहून मुंबईस आली. १८३९ मध्ये ती अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये तेथेच तिचे निधन झाले. जवळजवळ पस्तीस वर्षे तिने मराठी मुलींना शिकविण्याचे एकच काम केले. घरच्या माणसांवाचून समुद्र ओलांडून आलेली, स्वतःच्या विद्येवर उभी असलेली आणि मराठी बोलणारी स्त्री गावाने पाहिली, हाच एक धडा होता. पाटीवरील धड्याइतकाच तो परिणामकारक ठरला असावा.

२. नगरची शाळा आणि पुण्याची शाळा

मिशन शाळेचे फळ तिच्या कुंपणाच्या आतच मोजण्याची आपल्याला सवय आहे. किती मुली शिकल्या, किती बाप्तिस्मे झाले, एवढेच आपण पाहतो. परंतु त्याहून मोठे फळ कुंपणाबाहेर आले.

जोतीराव फुले हे पुण्याच्या स्कॉटिश मिशन शाळेचे विद्यार्थी होते. अहमदनगर येथील मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या, त्यांचे काम त्यांना पसंत पडले, आणि आपल्या लोकांतील मुलींसाठी तसेच काही करावे ही प्रेरणा मिळाली, असे त्यांनीच पुढे १८५३ मध्ये ‘ज्ञानोदया’तून सांगितले. १८४८ मध्ये पुण्यात भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण नगरला मिस फरार यांच्याकडे व पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. फुले दांपत्य ख्रिस्ती झाले नाही. मिशनची शाळा त्यांनी मिशनसाठी चालविली नाही. त्यांनी त्या शाळेतील बी घेतले आणि स्वतःच्या शेतात पेरले.

या शेतातील एक कणीस आपल्याच नियतकालिकांच्या परंपरेत जपले गेले आहे. फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये नगर येथे सुरू केलेल्या ‘ज्ञानोदया’ने तो १८५५ मध्ये दोन अंकांतून छापला. त्या मुलीचा प्रश्न असा होता की, ज्या धर्मग्रंथांकडे पाहण्याचीही आम्हांला मुभा नाही ते जर आमचे नव्हेत, तर आमचा धर्म कोणता? तो प्रश्न कोणत्याही शिक्षकाने फळ्यावर लिहून दिलेला नव्हता. फक्त मूळाक्षरे आणि जोडाक्षरे शिकविलेली होती. प्रश्न मुलीचा होता.

येथे या अभ्यासाचे मुख्य सूत्र हाती लागते. मुलीला वाचावयास शिकविता येते. पुढे ती काय वाचील आणि काय विचारील हे शिकविणाऱ्याला ठरविता येत नाही. मिशन शाळांचा दूरगामी परिणाम हा या न ठरविलेल्या भागात आहे.

३. नगरहून मद्रासला : कृपाबाई सत्यनाथन

आता त्या मराठी मुलीकडे वळू. कृपाबाई यांचा जन्म १८६२ मध्ये अहमदनगर येथे हरिपंत व राधाबाई खिस्ती यांच्या घरी झाला. हरिपंत हे ब्राह्मण समाजातून ख्रिस्ती झालेल्या पहिल्या पिढीतील होते. वडील लवकर वारले. थोरल्या भावाने, भास्कराने, बहिणीच्या वाचनाला वळण लावले, पण तोही अकाली गेला. पुढे मुंबईत जनाना मिशनच्या बायकांच्या देखरेखीखाली तिचे शिक्षण झाले. वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेस जाण्याची संधी चालून आली होती. परंतु प्रकृती नाजूक असल्याने तो बेत रहित झाला. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला होता. तेथे कृपाबाई १८७८ मध्ये दाखल झाल्या. सियोन चर्चचे पाळक रेव्ह. डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी त्यांची राहण्याची सोय झाली. त्यांच्या पत्नी ॲना सत्यनाथन या स्वतः मद्रासेत मुलींच्या शाळा चालवीत असत.

पहिल्या वर्षी कृपाबाईंनी अभ्यासात उत्तम यश मिळविले, पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि वैद्यकीय शिक्षण सोडावे लागले. पुढे सत्यनाथन यांचे पुत्र सॅम्युएल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उटकमंड येथे असताना त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा सुरू केली. १८८७-८८ मध्ये ‘मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन’मधून त्यांची ‘सगुणा’ ही आत्मचरित्रात्मक इंग्रजी कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. एका ख्रिस्ती मराठी कुटुंबाची, विशेषतः आईची व मुलीची, ही कथा आहे. ‘कमला’ ही दुसरी कादंबरी त्यांनी आजारपणात पूर्ण केली. १८९४ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले.

‘सगुणा’ वाचताना एक गोष्ट जाणवते. मिशनचे ऋण मान्य करणारी ही लेखिका मिशनमधील काही गोऱ्या बायकांच्या अहंतेवरही बोट ठेवते. येथील ख्रिस्ती स्त्रीला त्या आपल्यापेक्षा खालची समजत, याची बोच तिने लपविली नाही. मिशनने तिला भाषा दिली आणि त्याच भाषेत तिने मिशनला आरसा दाखविला. आपल्या दृष्टीने ही कृतघ्नता नव्हे. शिक्षण सफल झाल्याची ती खूण होय.

हे फळही एका पिढीत संपले नाही. कृपाबाईंच्या निधनानंतर सॅम्युएल सत्यनाथन यांनी ज्यांच्याशी विवाह केला त्या कमला सत्यनाथन यांनी १९०१ मध्ये मद्रासहून ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ हे स्त्रियांचे मासिक सुरू केले आणि त्याचे संपादन केले. १९१५ मध्ये याच शहरात अनेक मिशनांनी एकत्र येऊन विमेन्स ख्रिश्चन कॉलेजची स्थापना केली. ज्या शहरात एकेकाळी मुलींना अक्षरओळख करून देण्यासाठी घरे शोधावी लागत, तेथे स्त्रियांचे महाविद्यालय उभे राहिले.

४. पंडिता रमाबाई : विद्यार्थिनी, संस्थापिका, भाषांतरकार

कृपाबाई मिशनच्या घरात वाढल्या. रमाबाईंचे तसे नव्हते. त्यांना विद्या दिली ती त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई यांनी. म्हणून रमाबाईंच्या विद्वत्तेचे श्रेय मिशनकडे घेणे अन्यायाचे होईल. ख्रिस्ती होण्यापूर्वीच, १८८२ मध्ये, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला होता आणि हंटर आयोगापुढे स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची निकड मांडली होती. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

यानंतरची एक घटना मंडळीने विसरू नये. रमाबाई चेल्टनहॅम येथे असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न उपस्थित झाला. हिंदुस्थानातील अँग्लिकन धर्माध्यक्षांनी त्यास विरोध दर्शविला. स्वदेशात पुरुषांच्या सभांपुढे शास्त्रचर्चा केलेल्या विदुषीला हा निर्बंध मान्य होण्याजोगा नव्हता आणि तिने तो निमूटपणे मान्यही केला नाही. स्त्रीला शिकवावे यावर मंडळीचे एकमत होते. शिकलेल्या स्त्रीने कोणाला शिकवावे, या प्रश्नापाशी मात्र ती अडखळली. समानतेची खरी कसोटी या दुसऱ्या प्रश्नात आहे.

रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यास आले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६ मध्ये कर्वे यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. त्याच १८९३ साली शारदा सदनातील मुलींना ख्रिस्ती करण्यात येते असा आक्षेप येऊन सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर आदी मान्यवर बाहेर पडले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादाची जखम पुण्याच्या समाजजीवनात दीर्घकाळ राहिली. तरीही त्याच सदनातून निघालेला एक धागा महिला विद्यापीठापर्यंत पोहोचला. वाद आणि फळ ही दोन्ही सत्ये एकत्र ध्यानात ठेवावी लागतात.

दुष्काळात निराधार झालेल्या मुलींसाठी केडगावचे मुक्तिसदन विस्तारले. तेथे अंध मुलींनाही ब्रेल लिपीतून शिक्षण मिळाले. भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला मात्र मुक्तिसदनाचा छापखाना अधिक खुणावतो. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर एकटीने पूर्ण केले. संस्कृतची ही पंडिता. तिला जड शब्दांचे वैभव मांडणे अवघड नव्हते. परंतु नुकत्याच वाचावयास शिकलेल्या खेड्यातील बाईला कळावे म्हणून तिने साधी मराठी निवडली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या थोडेच आधी हे काम संपले आणि १९२४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुक्तिसदनातील स्त्रियांनी खिळे जुळविले, पाने छापली. जी स्त्री कालपर्यंत शास्त्र ऐकणारी होती ती आता शास्त्राचा शब्द निवडणारी आणि छापणारी झाली. तरंगमबाडीच्या १७०७ च्या शाळेत जे बी पडले त्याचे याहून पूर्ण रूप मला दुसरे दिसत नाही.

५. आकडे काय सांगतात?

व्यक्तींच्या कथा प्रेरणा देतात. परंतु अपवादात्मक व्यक्तींवरून सर्व समाजाविषयी निष्कर्ष काढू नये, हा अभ्यासाचा नियम आहे. म्हणून आकड्यांकडेही पाहू.

२००१ च्या जनगणनेत भारतातील पुरुषांची साक्षरता ७५.३ टक्के व स्त्रियांची ५३.७ टक्के होती. ख्रिस्ती समाजात पुरुष ८४.४ टक्के आणि स्त्रिया ७६.२ टक्के साक्षर होत्या. म्हणजे देशात स्त्री-पुरुषांमधील अंतर २१.६ टक्क्यांचे होते, तर ख्रिस्ती समाजात ते ८.२ टक्क्यांचे होते. हा फरक लहान नाही. तथापि या आकड्यांत रोमन कॅथलिक व पूर्वापार सिरियन ख्रिस्तीही आहेत. केरळ आणि ईशान्य भारत यांचा वाटाही मोठा आहे. यास्तव सर्व श्रेय प्रॉटेस्टंट मिशनला देता येणार नाही.

अलीकडे समाजशास्त्रज्ञ व अर्थशास्त्रज्ञ यांनी या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास केला आहे. रॉबर्ट वुडबेरी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये अनेक देशांची तुलना करून असे मांडले की, सरकारच्या अंकित नसलेल्या आणि सुवार्ताप्रसार करणाऱ्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचे कार्य जेथे अधिक होते, तेथे सार्वत्रिक शिक्षण, छपाई, वृत्तपत्रे व स्वयंसेवी संस्था लवकर रुजल्या आणि पुढे लोकशाही अधिक स्थिरावली. भारतापुरते पाहिले तर विसाव्या शतकाच्या आरंभीची मिशनची ठाणी नकाशावर मांडून अर्थशास्त्रज्ञांनी आजच्या शिक्षणाशी त्यांचा ताळा पाहिला आहे. जुन्या ठाण्यांच्या जवळच्या भागांत आजही स्त्रियांचे शिक्षण अधिक आढळते. पुरुषांच्या बाबतीत मात्र असा स्पष्ट फरक दिसत नाही. याचे एक कारण उघड आहे. मुलांसाठी सरकारने आणि समाजाने कालांतराने शाळा काढल्याच असत्या. मुलींसाठी मात्र जो प्रथम आला त्याच्या येण्याने फरक पडला.

येथेही सावधगिरी हवी. मिशनऱ्यांनी ठाणी निवडताना बंदर, रस्ता, रेल्वे, आरोग्यकारक हवा यांचा विचार केला असणार आणि अशा जागा तशाही पुढे गेल्या असत्या. अभ्यासक अशा गोष्टी वेगळ्या करून पाहण्याचा प्रयत्न करतात, पण तो प्रयत्न पूर्ण यशस्वी होतो असे नाही. शिवाय मिशनची शाळा पाहून इतरांनीही शाळा काढल्या. मुंबईत १८४९ मध्ये विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्रविषयक सभेने मुलींच्या शाळा उघडल्या. स्पर्धा म्हणा, प्रेरणा म्हणा, परिणाम मुलींच्या हिताचा झाला. समाजातील परिवर्तन एका हाताने होत नाही.

आणखी एक मर्यादा मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. पुष्कळ मिशन शाळांत मुलींना शिवणकाम, गृहव्यवस्था व शास्त्रवाचन एवढेच पुरेसे मानले जाई. पाळकांना व शिक्षकांना सुशिक्षित पत्नी मिळावी, हाही एक हेतू असे. घरोघरी जाऊन वचन वाचून दाखविणाऱ्या ज्या स्त्रियांना बायबल वुमन म्हणत, त्यांच्या श्रमांवर मंडळ्या उभ्या राहिल्या. पण त्यांपैकी बहुतेकींची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

६. शास्त्राचा आधार

समानतेचा विचार मंडळीने जगाकडून उसना घेतला, असे काहींना वाटते. वर दिलेले वाचनभाग पुन्हा लक्षपूर्वक वाचावेत.

लूक १०:३९ मध्ये मरीया प्रभूच्या पायांजवळ बसून त्याचे वचन ऐकत होती असे वर्णन आहे. आपण ही भक्तीची मुद्रा समजतो. परंतु गुरूच्या पायांजवळ बसणे म्हणजे त्याचे शिष्य होऊन शिकणे, असा तो वाक्प्रयोग आहे. प्रेषितांची कृत्ये २२:३ मध्ये पौल गमलिएलाविषयी हीच भाषा वापरतो. मार्थेने बहिणीला स्वयंपाकघरात परत बोलाविले, तेव्हा प्रभूने मरीयेचा विद्यार्थिनी म्हणून असलेला हक्क राखला.

कृत्ये १८:२६ मध्ये प्रिस्किल्ला व अक्विला यांनी अपुल्लो या विद्वान वक्त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. प्राचीन हस्तलिखितांत येथे पत्नीचे नाव आधी आहे. नंतरच्या काही हस्तलिखितांत क्रम बदलून पतीचे नाव आधी आले. चेल्टनहॅमचा प्रश्न येथे पहिल्याच शतकात उत्तरित झालेला दिसतो.

रोमकरांस १६:१ मध्ये फिबीसाठी ‘दियाकोनॉस’ हा ग्रीक शब्द आहे. हाच शब्द पौल १ करिंथ ३:५ मध्ये स्वतःसाठी व अपुल्लोसाठी, तर फिलिप्पै १:१ मध्ये मंडळीच्या पदाधिकाऱ्यांसाठी योजतो. पुढच्याच वचनात तिला ‘प्रोस्टातिस’ म्हटले आहे. आश्रय देणारी, पाठीशी उभी राहणारी असा त्याचा अर्थ असून त्यात मानाची छटा आहे. पुष्कळ भाषांतरांत, आणि त्याहून अधिक आपल्या कानांत, हे दोन्ही शब्द फिबीपाशी येताच लहान होतात. भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्यांत मूळ भाषा जाणणाऱ्या स्त्रिया का हव्यात, याचे उत्तर या दोन वचनांत आहे. जी वाचू शकते ती पडताळूनही पाहू शकते.

७. आज आपल्यापुढे काय आहे?

दक्षिण भारत मंडळी १९४७ मध्ये स्थापन झाली. तिच्यात पहिली स्त्री बिशप, ई. पुष्पललिता, नंद्याल येथे २०१३ मध्ये अभिषिक्त झाली. मुंबईच्या १८२४ च्या शाळेपासून मोजले तर हे अंतर १८९ वर्षांचे आहे. शाळेचे दार उघडण्यास मंडळी समाजाच्या पुढे होती. वेदीचे आणि कारभाराचे दार उघडण्यास ती समाजाच्या मागे राहिली. स्त्रिया न्यायाधीश, कुलगुरू, पंतप्रधान झाल्या, तेव्हाही आपल्या कित्येक मंडळ्यांत पाळकसमितीच्या खुर्च्यांवर पुरुषच होते. फराळाची व फुलांची व्यवस्था मात्र महिला संघाकडे होती. हे वारसा सांगणाऱ्यांना शोभत नाही.

दुसरी गोष्ट गरिबांची. एन्नोरच्या परिसरात, तसेच मुंबई-पुण्याभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यांत, कामाच्या शोधात परराज्यांतून आलेली कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलींना शाळेची भाषा कळत नाही आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी त्या घरी राहतात. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलींचे शिक्षण दरवर्षी हंगामात तुटते. मिस फरार नगरला गेली तेव्हा तिने प्रथम मुलींची भाषा शिकून घेतली, मग त्यांना आपली अक्षरे शिकविली. हा क्रम आजही उपयोगी आहे. प्रत्येक मंडळीत निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत, सहा दिवस कुलूपबंद असलेली सभागृहे आहेत. मिशनकडून आपल्याला मिळालेल्या इमारती आपण सांभाळतो. ज्या कामासाठी त्या बांधल्या गेल्या ते काम आपल्या दाराशी उभे आहे.

तिसरी गोष्ट घरातली. मुलगी बारावी झाली की स्थळ पाहावयाचे आणि मुलाने मात्र पदवी घ्यावयाची, ही रीत ख्रिस्ती घरांतूनही अद्याप गेलेली नाही. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा मिळाली नव्हती. तरी घरी अक्षरे शिकलेल्या या बाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी साहित्याला अमोल ठेवा दिला. आपल्या घरातील कोणती लेक असे काही लिहिणार आहे हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून तिचे पुस्तक मिटविण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मिशनऱ्यांचे खरे स्मारक त्यांच्या नावाच्या फरशीत नाही. वाचू लागलेल्या मुलीच्या प्रश्नात ते आहे. तो प्रश्न कधी रूढीला असेल, कधी मिशनला, कधी मंडळीला. त्याला रागावून गप्प करणारी मंडळी आपल्या पूर्वजांचा वारसा नाकारते. त्याला उत्तर शोधणारी मंडळी तो पुढे चालविते.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. लूक १०:३८-४२ या भागातील मरीयेची जागा आपल्या मंडळीत आज कोणाला मिळते व कोणाला मिळत नाही?

२. आपल्या मंडळीत पूर्वी शिक्षिका अथवा बायबल वुमन म्हणून सेवा केलेल्या स्त्रियांची नावे दप्तरात आहेत काय? वडीलधाऱ्यांना विचारून ती लिहून ठेवावीत.

३. आपल्या परिसरातील शाळा सुटलेल्या मुली कोठे आहेत? त्यांच्या भाषेत बोलू शकणारे आपल्यात कोण आहे?

४. आपल्या पाळकसमितीत स्त्रियांची संख्या किती आहे? निर्णय घेताना त्यांचे मत खरोखर विचारात घेतले जाते काय?

प्रभूने मरीयेचा उत्तम वाटा तिच्यापासून काढून घेतला नाही. आपणही तो कोणापासून काढून घेऊ नये, एवढी कृपा तो आपणांस देवो.